येलदरीचा शेरू आणि धुऊन न जाणारं औषध

जनावरांच्या डॉक्टरला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते गोचिडासारखे आपोआप येऊन चिकटतात. एक उपटून टाकावा तर कानामागे दुसरा सापडतो. जिंतूरला दवाखाना टाकला तेव्हा वाटलं होतं, दिवसभर चार गायी-म्हशी बघू, शेळ्या बघू, एखादं कुत्रं बघू आणि संध्याकाळी शांतपणे घरी जाऊ. घरी जाते खरी, पण रोज कुणावर तरी चिडून! नवरा आता दार उघडतानाच विचारतो, "आज कोण?"

गेल्या वर्षभरात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच होतं. "पोहणारी कुत्री!" म्हणजे कुत्र्यांनी माझं काहीही वाकडं केलेलं नाही हो. त्यांची माणसं!

सुरुवात शेरूपासून झाली. पूर्णा नदीवरच्या येलदरीच्या धरणावर तुळशीराम तात्या मासे धरतात. त्यांचा उजवा खांदा कायमचा आखडलाय. जाळ्याची दोरी पाण्यातून ओढून काढायची तर खांदा साथ देत नाही. मग शेरू पाण्यात उडी टाकतो, दोरीचं टोक तोंडात धरतो आणि होडीपर्यंत आणून देतो. तांबडा, गावठी, एक कान फाटलेला. जाळ्याचे सुटलेले, तरंगणारे बोयेसुद्धा तोच गोळा करून आणतो. शेरू पाण्यात गेला नाही तर तात्यांचं जाळं निघत नाही, इतकं साधं आहे.

आणि काठावर काय, तर बाभळी, गवत आणि गावच्या शेळ्यांची बसायची जागा. गोचिडांचं माहेरच! शेरूला गोचीडताप दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, नाकातून रक्त येत होतं. दवाखान्यामागच्या लिंबाखाली सलाईन लावून आम्ही त्याला कसाबसा उठवला. तेव्हाच मी तात्यांना सांगितलं, "तात्या, तिसऱ्यांदा ताप आला तर मी काही करू शकेन असं वाटत नाही. आता याच्या अंगावर गोचीड टिकताच कामा नये."

तात्या म्हणाले, "मंग काय तरी द्या की मॅडम. पर ह्यो सारा दिस पाण्यात ऱ्हातंय. लावल्यालं धुऊन जाईल. आन गोळी तेवढी नका सांगू. तापात गोळ्या खाऊन खाऊन इतका इटलाय की गोळी बघितली की पळतंय."

झालं! पाण्यात राहणाऱ्या कुत्र्याला धुऊन न जाणारं औषध निवडायचं, एवढंच काम होतं. शास्त्रात याचं उत्तर आहे. पण शास्त्रात माणसं नसतात, ही शास्त्राची फार मोठी सोय आहे.

* * *

माणसं म्हटलं की आधी आंबेकर गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, माळकरी, अर्ध्या जिंतूरचे कान त्यांनी कधी ना कधी पिरगाळलेले आहेत. त्यांच्याकडे राजा नावाचा लॅब्रॅडोर आहे. मुलानं पुण्याला हौसेनं घेतला, सांभाळणं जमेना म्हणून वडिलांकडे आणून सोडला. गुरुजी त्याला रोज सकाळी कॅनॉलवर पोहायला नेतात.

एकदा नखं कापायला घेऊन आले. मी पंजा उचलला तर बोटांच्या बेचक्यांत गोचिडं! "गुरुजी, याला गोचिडाचं औषध सुरू करायला हवं."

"ह्याला? हा रोज पोहतो मॅडम! पाण्यातल्या कुत्र्याला गोचीड राहील कशी? बुडून मरेल की!"

मी राजाचा कान उलटा करून दाखवला. आत अख्खी वस्ती होती.

"ह्या कालच्या असतील," गुरुजी म्हणाले. "आजचं पोहणं व्हायचंय अजून."

मग मीही हट्टाला पेटले. त्यातली काही गोचिडं काढली, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात बुडवली, वर झाकण ठेवलं आणि गुरुजींना दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी आमचे कंपाउंडर खय्यूमभाई चहा आणावा तसा तो पेला घेऊन आले. तळाशी सगळी मंडळी पाय हलवत मजेत होती!

गुरुजींनी चष्मा पुसला, पेला उजेडात धरला, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता मान्य करतील.

"पाणी कोणतं वापरलं?"

"आपलं फिल्टरचं."

"तरीच!" गुरुजी पेला खाली ठेवत म्हणाले. "फिल्टरच्या पाण्यात कशाला मरतील? कॅनॉलच्या पाण्यात टाकून बघा."

गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे, ही गोष्ट खय्यूमभाईंनी मला ते गेल्यावर सांगितली.

* * *

शेरूला आधी मानेवर टाकायचे थेंब दिले. तात्या आणि त्यांची बायको गयाबाई, दोघांना समोर बसवून समजावलं. दोन खांद्यांच्या मधे केस बाजूला करायचे, थेट कातडीवर थेंब सोडायचे, चोळायचं नाही. दोन दिवस आधी अंघोळ नाही, दोन दिवस नंतर पाणी नाही. ते औषध अंगातल्या तेलकटपणाबरोबर हळूहळू पसरतं, म्हणून थांबायचं. तात्यांनी जाळ्याच्या दोरीसाठी पुतण्याला बोलावून घेतलं. एवढी सगळी तयारी!

पुढच्या आठवड्यात शेरू आला तो अंगावर टरारून फुगलेली गोचिडं घेऊन.

"तात्या, पाण्यात गेला होता ना हा?"

"आयची आन मॅडम, न्हाई! बांधून ठिवला. वरडून वरडून वस्ती डोक्यावर घेतली यानं."

गयाबाई पुढे सरसावल्या. त्यांचा चेहरा शाबासकी घ्यायला आल्यासारखा होता. "आन मॅडम, थेंबसुदीक वाया जाऊ दिला न्हाई मी. एवढीशी ती कुपी! कुटं पुरायची? खोबऱ्याच्या तेलात कालवली, मानंपसून शेपटापोतर चोळ चोळ चोळली. जरा मुरू दिलं. मंग कडकडीत ऊन पाण्यानं अंघोळ घातली. दिवाळीवानी!"

"अंघोळ?" माझा आवाज रस्त्यावर गेला असणार.

"आवो, आंगाला तेल लावल्यावर अंघोळ नको व्हय?"

"पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी!"

गयाबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की चुकलेली मीच. "ते धरणाचं. हे घरचं ऊन पाणी हाय."

मी खुर्चीत बसले. खय्यूमभाईंनी न सांगता पंखा मोठा केला.

* * *

मग पट्टा. गळ्यात घालायचा, महिनोन्महिने काम करणारा. सतत पोहणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात तो लवकर कमजोर पडतो, हे मला माहीत होतं. पण गोळीला तात्या तयार नव्हते आणि नसण्यापेक्षा बरा म्हणून घातला. "हा काढायचा नाही," असं मी तात्यांकडून म्हणवून घेतलं.

तपासायला दर पंधरवड्याला शेरू यायचा. गळ्यात पट्टा झकास! नवाकोरा, चमकणारा. आणि अंगावर गोचिडं तशीच. माझं डोकं चालेना. बनावट माल आला की काय म्हणून मी दुकानदाराशी फोनवर भांडले. तोही बिचारा शपथा खायला लागला.

शेवटी एकदा त्या बाजूला एका म्हशीचं बाळंतपण होतं, तिथून अचानक तात्यांच्या घरी गेले. शेरू दारात लोळत होता, गळा उघडा. आणि पट्टा आत, खुंटीला, गयाबाईंच्या ठेवणीतल्या लुगड्याच्या पिशवीत.

"तात्या! हा काय प्रकार?"

तात्या बिलकुल गडबडले नाहीत. "पाण्यात खराब व्हईल की मॅडम. चांगली चीज हाय. दवाखान्यात यायचं असलं की घालताव."

माणूस पाव्हण्याकडे जाताना ठेवणीतला सदरा घालतो, तसा माझा पेशंट माझ्याकडे यायला औषध घालत होता! आणि ते मी इतके महिने कौतुकानं तपासत होते.

* * *

याच दिवसांत एका कंपनीचा प्रतिनिधी आला. टाय, बॅग, हातात चकचकीत कागद. "मॅडम, नवीन स्प्रे. एकदम वॉटरप्रूफ!"

माझे कान टवकारले. "वॉटरप्रूफ म्हणजे? कुत्रं पोहलं तर चालतं?"

"ऑफकोर्स मॅडम! कधीतरी पोहलं तर काहीच प्रॉब्लेम नाही."

"कधीतरी नाही. रोज पोहतो."

"रोज म्हणजे... दिवसातून किती वेळ पाण्यात असतो?"

"किती वेळ बाहेर असतो ते विचारा."

त्यानं कागद उलटा केला, पालटा केला, मागची बारीक अक्षरं वाचली. मग फार प्रामाणिकपणे, अगदी आपुलकीनं म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही कुत्रा बदलून बघा ना."

मी त्याला चहा पाजला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला चहा न विचारता पाठवलं, आणि मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

* * *

आता बाळासाहेबांचा किस्सा. तो सांगताना माझं रक्त आजही तापतं, म्हणून पटकन सांगते.

बाळासाहेब म्हणजे मोठी शेती, मोठी गाडी, मोठं शेततळं. तळ्यात मासे सोडलेले आणि बंगल्यावर टायगर नावाचा जर्मन शेफर्ड. हा गडी उन्हाळ्यात सगळी दुपार तळ्यात डुंबतो. एक दिवस बाळासाहेब तरातरा दवाखान्यात शिरले. "मॅडम, लवकर चला! मासे पोटं वर करून तरंगायलेत!"

"मी माशांची डॉक्टर नाही हो. पाण्यात काय पडलं?"

"काय बी न्हाई! टायगर तेवढा पडला. त्याला सकाळी गोचिडाचं औषध टाकलं, लगेच उडी मारली त्यानं. सवयच हाय."

"कोणतं औषध?"

"बैलाचं हाय की घरी, पाठीवर वतायचं. येवढं मोठं कुत्रं, म्हणलं, दोन टोपणं बसतील."

"आणि टायगर कुठाय?"

"गाडीत हाय. जरा थरथरायलंय. पर मासे मॅडम..."

मी धावले. टायगर मागच्या सीटवर, तोंडातून लाळेची धार, अंग झटके देत होतं. मी आणि खय्यूमभाईंनी त्याला उचलून नळाखाली घेतला, भांडी घासायच्या साबणानं वरून खालपर्यंत धुतला, सलाईन, इंजेक्शनं, सगळं केलं. आणि हे सगळं करताना माझं तोंड बंद नव्हतं. जनावराचं औषध म्हणजे सगळ्या जनावरांचं औषध नसतं! बैलाचं बैलाला! वजन बघायचं! टोपणानं माप घेतात का? आणि अंगावर ओतायची ही औषधं माशांना विषच असतात, आणि तुम्ही कुत्र्यासकट ते तळ्यात सोडलंत!

बाळासाहेब हात बांधून उभे होते. दुपार टळून गेली तेव्हा टायगरनं मान वर केली, शेपटी आपटली. मीही जरा नरमले. इतकं बोलल्यावर माणूस काहीतरी शिकला असेल, असं वाटलं.

बाळासाहेबांनी टायगरच्या पाठीवरून हात फिरवला. केस उलटे सुलटे करून नीट बघितलं. "पर औषध जबरदस्त हाय मॅडम," ते म्हणाले. "गोचीड एक ऱ्हायली न्हाई."

* * *

बाळासाहेबांचे मासे मेले ही बातमी येलदरीला माझ्या आधी पोचली. दुसऱ्याच सकाळी तात्या शेरूला घेऊन हजर. "मॅडम, आता आंगाला लावायचं काय बी नको. पट्टा बी नको. माशाला झालं काय तर आमी काय खावं? तुमची ती गोळी असंल तर द्या."

मी देवाचे आभार मानले. गोळी! पहिल्या दिवसापासून माझ्या मनात तीच होती. पोटात गेली, रक्तात उतरली की कुत्रं धरणात राहो नाहीतर समुद्रात, धुऊन जायला बाहेर काही उरतच नाही. चावलेली गोचीड मरते. शेरूला दवाखान्यातल्या वजनकाट्यावर तोलला, कधी झटके येत नाहीत ना ते विचारून घेतलं आणि त्याच्या वजनाची गोळी तात्यांच्या हातात दिली. मटणाच्या चवीची. कुत्री ती खाऊ म्हणून खातात.

त्याच चवीवरून दवाखान्यात गुरुजींबरोबर वेगळंच रामायण झालं होतं. राजासाठी गोळी पुढे केली तर गुरुजी दोन पावलं मागे. "मॅडम, आमच्या घरात कांदासुद्धा मोजून येतो. राजा शुद्ध शाकाहारी आहे. दूध-पोळी, दही-भात. ही गोळी त्याला द्यायची म्हणजे त्याला बाटवायचं!"

मी सांगून थकले की ही नुसती चव आहे. गुरुजी ऐकेनात. इतक्यात खय्यूमभाई राजाचे दात बघत होते, ते म्हणाले, "मॅडम, जरा चिमटा द्या." आणि मागच्या दाढेतून त्यांनी एक चांगला बोटभर काटा ओढून काढला. माशाचा! रोज सकाळी गुरुजी कॅनॉलच्या कडेला हरिपाठ म्हणत बसायचे तेव्हा राजा पाण्यात नेमकं काय करत होता, ते दवाखान्यातल्या सगळ्यांना एकदम कळलं.

गुरुजींनी काटा हातात घेतला. पुन्हा चष्मा पुसला. "बाभळीचा दिसतो," ते म्हणाले, आणि राजाला घेऊन निघून गेले. गोळी मात्र खिशात घालून नेली, एवढं मी बघितलं.

* * *

आणि शेरूची गोळी? ती घरी गयाबाईंच्या हातात पडली.

आठ-दहा दिवसांनी तात्यांचा फोन आला की शेरू सकाळी उठला नाही, खात नाही. मी होते तशी गाडी काढली. अंगात ताप होता. मी आधी त्याचा ओठ वर करून हिरडी बघितली. हिरडी अजून गुलाबी होती. रक्त तपासलं, गोचीडताप निघाला नाही. साधा ताप होता, उतरला. पण मानेखाली ताजी गोचिडं बसलेली होती!

"गयाबाई, गोळी दिली होती का?"

"दिली की."

"सगळी?"

"सगळी म्हंजे... त्याच्या वाटणीची."

"वाटणीची?"

"आवो मॅडम, मी गोळी हातात घेतली तर शेजारचा मोत्या आन ती काळी कुत्री, दोघं बी म्होरं येऊन बसली. मटणाचा वास! तोंडाकडं टुकूटुकू बघायलेत. एकाला घालावं आन दोघांनी बघावं? माझ्यानं व्हत न्हाई तसलं पाप. तीन तुकडे केले. सारके केले बरं का!"

"ती भाकरी नाही गयाबाई, औषध आहे! तिघांपैकी एकालाही पुरलं नाही ते!"

"मंग तुमीच तीन द्यायच्या व्हत्या," गयाबाई म्हणाल्या. "तुमाला कळाया नको?"

मी तात्यांकडे वळले. तात्या धरणाकडे बघत होते. हळूच म्हणाले, "मॅडम, सकाळी ते उठलं न्हाई तवा मी होडीबी काढली न्हाई. खांद्याचं जाऊ द्या. पुतण्या दोरी वढील. पर त्याच्याबिगर पाण्यात जाऊन करायचं काय?"

यावर कुणावर चिडायचं, सांगा! पण गोचिडांचा ऐन हंगाम होता. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आता ही गोळी त्याच्या पोटात जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघणार. मग मला धरणात का उतरावं लागेना!"

* * *

बोलू नये माणसानं असं काही.

शेरू बरा झाल्यावर नवी गोळी घेऊन मी आणि खय्यूमभाई सकाळीच येलदरीला गेलो. मोत्यासाठी आणि काळीसाठीही त्यांच्या त्यांच्या वजनाच्या गोळ्या नेल्या, त्या दोघांनी माझ्या हातून काठावरच मटकावल्या. शेरूनं मात्र वास घेतला, मला ओळखलं आणि धूम ठोकून होडीत जाऊन बसला.

तात्या म्हणाले, "त्यो आता जाळं निघाल्याबिगर काय खात न्हाई. आन खाल्लं तर होडीतच, माझ्या हातानं. बसा तुमी बी."

मला पोहता येत नाही. होडीत मी आजवर बसले नव्हते. दोन्ही हातांनी कड धरून, डोळे गच्च मिटून बसले. खय्यूमभाई पलीकडे आरामात मांडी घालून. तात्यांनी वल्ही मारली, शेरूनं उडी घेतली, दोरी आणली, जाळं निघालं. मग मधोमध होडी थांबवून तात्यांनी गयाबाईंनी बांधून दिलेली मासा-भाकरी सोडली.

मी घाईघाईनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्याच्या पापुद्र्यात गोळी दाबून बसवली, आत माशाचा तुकडा ठेवून गुंडाळला आणि तो घास तात्यांच्या हातात दिला. "तात्या, पहिला घास शेरूला!"

तात्यांनी घास घेतला, कपाळाला लावला, "पूर्णामाय!" म्हणाले आणि पाण्यात भिरकावून दिला!

मी किंचाळले. होडी हलली, मी खय्यूमभाईंचा दंड धरला. "तात्या! गोळी होती त्यात!"

तात्यांचा हात तसाच हवेत राहिला. "आरं देवा! पैला घास मायचा असतोय मॅडम. बापापसून हाय. हातच गेला."

आमचं बोलणं पुरं व्हायच्या आत शेरू पाण्यात होता. बुडायला लागलेला घास त्यानं पाण्याखालून उचलला, पोहत आला, होडीत चढला, आमच्या सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवलं आणि घास तात्यांच्या पायाशी ठेवून बसला. दातसुद्धा लागलेला नव्हता. पाण्यातून आणलेलं तो खात नाही, आणून देतो.

"खा रे बाबा, खा!" मी हात जोडले.

तात्यांनी घास उचलला. त्यांचे डोळे भरून आले होते. "मायनं परत केला," ते म्हणाले. "असं कदी होत न्हाई मॅडम. ह्यो परसाद झाला. होडीत जेवढी हायेत तेवढ्यांना मिळाया पायजे."

"तात्या, नका हो! वाटू नका! पुन्हा वाटू नका!"

पण तात्या घास मोडायला लागलेसुद्धा. खय्यूमभाईंच्या हातावर भाकरी आली. त्यांनी अदबीनं दोन्ही हात पुढे करून घेतली आणि खाल्ली. तात्यांनी आपल्या तोंडात भाकरी टाकली. शेरूपुढे माशाचा तुकडा ठेवला. आणि उरलेला, चांगला जाडजूड, सगळ्यात मानाचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. त्यात अख्खी गोळी होती.

"घ्या मॅडम. न्हाई म्हणू नका."

शेरूनं मासा हुंगला, पण तोंड लावलं नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"तुमी खाल्ल्याबिगर त्यो न्हाई खायचा," तात्या म्हणाले. "सगळ्यांचं झाल्यावर खातंय ते."

मी खय्यूमभाईंकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते. गोळीला भाकरीचा एक ओला कण चिकटला होता. तो मी बोटानं काढला, कपाळाला लावला आणि जिभेवर ठेवला. मग गोळी उरलेल्या भाकरीसकट शेरूच्या माशावर ठेवून हात मागे घेतला.

तात्यांनी मान हलवली. शेरूनं एका घासात सगळं गिळलं, मिशा चाटल्या आणि आणखी आहे का म्हणून माझा तळहात चाटून बघितला.

तात्यांनी वल्हं उचललं.

"बगा," ते म्हणाले, "वरीसभर उगं आमच्यावर वरडलात मॅडम. आधी मायला इचारलं असतं तर तवाच भागलं असतं!"